देवाचा दरबार
देवाचा दरबार : मराठी कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला ख्रिस्तानुयायांचा बंधुसमाज. ईश्वराची सत्ता उपासनामंदिरापुरती मर्यादित नसून उपजीविका, कुटुंब आणि समाजव्यवहार यांवरही ती चालते, ही जाणीव त्याच्या मुळाशी होती.

ईश्वर माणसाला ज्या जीवनक्रमासाठी बोलावतो, त्यास ख्रिस्ती परिभाषेत ‘पाचारण’ म्हणतात. मध्ययुगीन यूरोपात ही कल्पना मुख्यत्वे धर्मगुरू व मठवासी यांच्याशी निगडित होती. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने तिचा विस्तार करून शेतकरी, कारागीर व गृहिणी यांचे नित्यकर्मही पाचारणच होय, असे प्रतिपादिले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या कल्पनेस वेगळीच कसोटी लागली. धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित झाला, तरी जातिबहिष्कार टळला नाही. घरदार तुटलेल्या अनेकांना चरितार्थासाठी मिशनचाच आश्रय घ्यावा लागे. त्यामुळे आज्ञा ईश्वराची मानावयाची की वेतन देणाऱ्या संस्थेची, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही.

टिळकांच्या जीवनात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या फ्री मेथडिस्ट मिशनऱ्याने त्यांना बायबलची प्रत दिली. पुढे वऱ्हाडातील यवतमाळ जिल्हा हे याच पंथाच्या मिशनचे प्रमुख कार्यक्षेत्र बनले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाई परतल्या, तरी आरंभी त्यांनी सोवळे व जातिनियम सोडले नाहीत. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीचे पाचारण हेच आपोआप पत्नीचे पाचारण होत नाही, हे त्यांच्या *स्मृतिचित्रे* या आत्मचरित्रावरून स्पष्ट दिसते.

टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन व धर्मोपदेश करीत. *ज्ञानोदय* या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. ख्रिस्ती होणे म्हणजे पाश्चात्त्य होणे नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यांनी अभंग, भजन व कीर्तन हे संतपरंपरेतील प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजविले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात स्थान होते. ज्या विधीसाठी स्वतः संसाराची ताटातूट सोसली, तोच त्यांनी इतरांच्या प्रवेशाची अट केला नाही, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. ‘दरबार’ या शब्दातून राजा एकच व बाकीचे सर्व समान, असा आशय सूचित होतो.

या भूमिकेत एक अडचणही होती. संस्थेचे वेतन व नियम नाकारल्याने स्वातंत्र्य लाभले. परंतु संघटनेचा भार एका व्यक्तीवरच राहिला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार संघटना म्हणून फार काळ टिकला नाही. याउलट यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था विविध पंथीयांच्या सहकार्याने वाढली व १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. पाचारणाला संस्थेचा आधार मिळाला, की ते टिकते. मात्र त्या आधारालाच स्वामी मानले जाण्याचा धोकाही संभवतो.

टिळकांचे अपूर्ण *ख्रिस्तायन* हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दरबार विसर्जित झाला, तरी टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या नित्य उपासनेत आजही गायिली जातात. त्या बंधुसमाजाचा टिकाऊ वारसा त्यांतच पाहावयास मिळतो.