हवेवर तरंगणारी मोटार : अभिजात आलिशान गाड्यांतील एअर सस्पेन्शन आणि अल्पखर्ची पर्यायांचा इतिहास

सारांश : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपातील आलिशान मोटारींमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी दाबयुक्त हवेचा वापर सुरू झाला. हे तंत्र ज्या ग्राहकांसाठी निर्माण झाले, त्यांच्याकडे ते फार काळ राहिले नाही. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर त्याच्या देखभालीचा भार साधारण उत्पन्नाच्या माणसांवर पडला. या माणसांनी कमी खर्चात शोधलेले मार्ग तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जातात. प्रस्तुत निबंधात त्यांचा आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : एअर सस्पेन्शन, कॅडिलॅक, मर्सिडीज-बेंझ, देखभाल, जतन, अस्सलपणा.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे यंत्र कोणी व कोणत्या वर्षी बनविले, एवढे सांगितले की इतिहासकाराचे कार्य संपले, असा समज रूढ आहे. वस्तुतः यंत्राचे खरे आयुष्य विक्रीनंतर सुरू होते. ते कोणी वापरले, ते बिघडल्यावर कोणी दुरुस्त केले आणि त्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्नही ऐतिहासिकच होत. आलिशान मोटारीतील एअर सस्पेन्शन हे या दृष्टीने अभ्यासण्यास योग्य असे उदाहरण आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मोटारीत हवेचा वापर का करण्यात आला हे स्पष्ट करणे; (२) आलिशान गाड्यांत हे तंत्र अडचणीत का आले याची कारणमीमांसा करणे; (३) नंतरच्या मालकांनी अवलंबिलेल्या अल्पखर्ची मार्गांचे स्वरूप मांडणे; (४) जतन व अस्सलपणा यांविषयीच्या आजच्या विचारात या मार्गांचे स्थान तपासणे.

तंत्राची पार्श्वभूमी

मोटारीचे वजन चाकांवर थेट न टाकता मध्ये लवचीक आधार ठेवणे, हे सस्पेन्शनचे मूळ कार्य होय. पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा ठरलेला असतो. गाडीत माणसे व सामान भरले की स्प्रिंग दबते व गाडी खाली बसते. प्रवास मऊ वाटावा यासाठी गाडीचे वरखाली आंदोलन सेकंदाला सुमारे एक इतके संथ असावे लागते. परंतु त्यासाठी पोलादी स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. इतकी मऊ स्प्रिंग पूर्ण भार पेलू शकत नाही. म्हणून अभियंत्यास मऊपणा आणि भारक्षमता यांत तडजोड करावी लागे.

हवेच्या स्प्रिंगमध्ये ही तडजोड बरीचशी टळते. भार वाढला की झडप उघडून रबरी पिशवीत अधिक हवा सोडली जाते. गाडीची उंची तीच राहते आणि दाबाबरोबर ताठरपणाही वाढत असल्याने आंदोलनाची गती फारशी बदलत नाही. रिकामी व भरलेली गाडी जवळजवळ सारखीच चालते, हे या तंत्राचे मर्म होय.

याचा व्यावहारिक लाभ प्रथम बसगाड्यांना झाला. जनरल मोटर्सने १९५३ पासून आपल्या बसमध्ये हवेच्या स्प्रिंग बसविल्या व १९५४ साली ग्रेहाउंड कंपनीची प्रसिद्ध ‘सीनिक्रूझर’ बस याच तंत्रावर रस्त्यावर आली. बसमध्ये हे तंत्र का टिकले, याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. बसला ब्रेकसाठी दाबयुक्त हवा लागतेच. त्यामुळे कॉम्प्रेसर व टाकी आधीच उपलब्ध असते. शिवाय प्रत्येक बस आगारात परतते व तेथील कारागीर ती नियमित तपासतात. आपल्याकडे २००१ साली आलेल्या व्होल्वोच्या बी७आर बसमुळे महाराष्ट्रातील प्रवाशांना हवेच्या सस्पेन्शनचा परिचय झाला, तोही याच मार्गाने. खासगी मोटारीस मात्र ना हवेचा ब्रेक असतो, ना आगार.

आलिशान मोटारीतील प्रवेश व पीछेहाट

१९५७ साली कॅडिलॅकने ‘एल्डोराडो ब्रूम’ ही मोटार बाजारात आणली. तिच्या चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंग होत्या. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर, हवेची टाकी आणि उंची राखणाऱ्या झडपा अशी तिची रचना होती. किंमत १३,०७४ डॉलर, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वसाधारण शेव्हरोले सेडानच्या पाचपटीहून अधिक होती. पहिल्या वर्षी ४०० व १९५८ मध्ये ३०४ गाड्या तयार झाल्या. १९५८ साली जनरल मोटर्सने हे तंत्र आपल्या स्वस्त गाड्यांनाही जादा किमतीवर देऊ केले. शेव्हरोलेमध्ये त्यासाठी सुमारे १२४ डॉलर पडत. फोर्ड व अमेरिकन मोटर्स यांनीही त्याच सुमारास असाच प्रयत्न केला.

परंतु दोन-तीन वर्षांतच हा उत्साह ओसरला. त्या काळचे रबर व जोड हवा दीर्घकाळ धरून ठेवू शकत नसत. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली आढळे. हवेतील बाष्प नळ्यांत साचे व कडाक्याच्या थंडीत गोठे. गल्लीतल्या कारागिरास ही रचना अपरिचित होती. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि १९६० नंतर अमेरिकन मोटारींच्या यादीतून हा पर्याय जवळपास नाहीसा झाला.

जर्मनीत मर्सिडीज-बेंझने हा प्रयोग अधिक चिकाटीने केला. १९६१ च्या ३०० एसई या गाडीत, १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘६००’ मध्ये आणि १९६५ पासूनच्या ३०० एसईएल मध्ये एअर सस्पेन्शन होते. येथे कॉम्प्रेसर इंजिनावरच चालत असे. ‘६००’ चे उत्पादन १९८१ पर्यंत चालले व एकूण २,६७७ गाड्या निघाल्या. ३०० एसईएल ६.३ या १९६८ सालच्या वेगवान गाडीच्या ६,५२६ प्रती विकल्या गेल्या. पुढे १९७५ साली आलेल्या ४५० एसईएल ६.९ मध्ये मात्र कंपनीने तेल व वायू यांच्या संयोगावर आधारलेली रचना स्वीकारली.

ही संयुक्त रचना फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे अभियंता पॉल माजेस यांनी विकसित केली होती. १९५४ साली ती एका जुन्या नमुन्याच्या मागील चाकांवर आणि १९५५ साली ‘डीएस’ या मोटारीच्या चारही चाकांवर आली. हिच्यात नायट्रोजन वायू बंद धातूच्या गोलकात असतो व त्यावर तेलाचा दाब पडतो. कालांतराने वायू कमी झाल्यास गोलक फिरवून काढता येतो आणि त्यात वायू पुन्हा भरता येतो किंवा तो बदलता येतो. दुरुस्तीयोग्य, सुटा व साठ्यात ठेवता येण्याजोगा असा हा भाग होता. त्यामुळे डीएसचे तंत्र सामान्य कारागिराच्या आवाक्यात राहिले व वीस वर्षांत सुमारे साडेचौदा लाख गाड्या निघाल्या. रोल्स-रॉइसनेही १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’साठी सित्रोएनच्या परवान्याचाच आधार घेतला.

अल्पखर्ची मार्ग

आलिशान मोटारीची किंमत वर्षागणिक घसरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र घसरत नाही, उलट चढते. या विसंगतीतच आपल्या विषयाचे मूळ आहे. पहिल्या मालकास जी झडप क्षुल्लक वाटे, तिची किंमत तिसऱ्या मालकाच्या मासिक मिळकतीशी स्पर्धा करू लागते. अशा मालकांनी प्रामुख्याने तीन मार्ग पत्करले.

पहिला मार्ग हवा काढून पोलाद बसविण्याचा. ब्रूमच्या अनेक मालकांनी हवेच्या पिशव्या काढून स्प्रिंग बसविल्या. मर्सिडीजच्या ३०० एसईएल मालकांना याहून सोपी वाट मिळाली, कारण तिचेच भावंड असलेली डब्ल्यू १०८ मालिका पोलादी स्प्रिंगवर चालत होती व तिचे भाग तुलनेने सहज मिळत. या उपायाने गाडी चालती राहिली. पण जिच्यासाठी ती ओळखली जाई, ती चाल गेली. १९८४ साली लिंकनने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले एअर सस्पेन्शन आणल्यानंतर त्याही गाड्यांच्या बाबतीत याच इतिहासाची पुनरावृत्ती झाली.

दुसरा मार्ग मूळ रचनेचे पुनरुज्जीवन करण्याचा. जुने कवच कायम ठेवून केवळ रबर बदलणे, झडपेतील वॉशर व सील नवे घालणे, नळ्यांचे जोड साबणाच्या पाण्याने तपासून गळती शोधणे अशी कामे यात येतात. मर्सिडीजने १९९३ साली फेलबाख येथे जुन्या गाड्यांसाठी केंद्र उघडले. परंतु कंपनीचे भाग सर्वांना परवडणारे नव्हते. अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेल्या आर्नॉट या कंपनीने एअर स्प्रिंगचे पुनर्निर्माण हाच व्यवसाय केला, यावरून ही गरज किती व्यापक होती हे दिसते.

तिसरा मार्ग म्हणजे मुळात पोलादी स्प्रिंग असलेल्या किंवा हवा गमावलेल्या गाडीस परक्या भागांतून नवे एअर सस्पेन्शन बसविणे. याची परंपरा समजली जाते त्याहून जुनी आहे. १९४९ साली मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे स्थापन झालेल्या एअर लिफ्ट या कंपनीने गोल स्प्रिंगच्या पोकळीत बसणारी रबरी पिशवी विकण्यास आरंभ केला होता. मूळ स्प्रिंग न काढता तिला हवेचे साहाय्य देणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आजही तोच आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियात रॉन अगिरे यांनी विमानांच्या टाकाऊ हायड्रॉलिक भागांपासून आपली कोर्व्हेट गाडी वरखाली करण्याची सोय केली. गाडीचा तळ चाकाच्या रिमपेक्षा खाली नसावा, या राज्याच्या नव्या कायद्यातून सुटण्याची ती युक्ती होती. १९९० च्या दशकात ट्रकच्या हवेच्या पिशव्या जुन्या मोटारींना बसविण्याचा प्रघात वाढला व १९९६ साली इंडियाना राज्यात एअर राइड टेक्नॉलॉजीजसारखी या कामास वाहिलेली कंपनी निघाली.

या तिसऱ्या मार्गात बचत कोठे करावी व कोठे करू नये, हे अनुभवाने ठरत गेले. कॉम्प्रेसर व टाकी मोडीत निघालेल्या गाडीतून घेतली तरी चालते. पिशवी मात्र प्रत्येक चाकावरील प्रत्यक्ष वजन मोजूनच निवडावी लागते. हवेची पिशवी केवळ भार पेलते. ती आसास जागेवर धरून ठेवत नाही. पाट्यांची स्प्रिंग असलेल्या गाडीत पाटे हेच आस धरून ठेवतात. ते काढले तर आस सांभाळणारे स्वतंत्र दांडे बसवावेच लागतात. हवा गेल्यावर गाडी आदळू नये म्हणून आतील रबरी आधार, बाष्प शोषणारा ड्रायर, चाक वळताना पिशवीस घासणार नाही एवढे अंतर, यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यास स्वस्त काम अखेरीस महाग पडते.

अस्सलपणाचा प्रश्न

येथे जतनाविषयीचा मूलभूत प्रश्न उभा राहतो. पोलादी स्प्रिंग लावलेली ३०० एसईएल अस्सल मानावी काय? ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. तीत जतनास पुनर्बांधणीपेक्षा अग्रक्रम दिला आहे आणि अपरिहार्य बदल उठून न दिसणारे व पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, काढलेले मूळ भाग वाहनाबरोबर जपावेत, असे सुचविले आहे. या कसोटीवर मूळ चौकट न कापता केलेला अल्पखर्ची बदल हा अपराध ठरत नाही. मूळ झडपा भंगारात टाकणे हा मात्र ठरतो.

भारतात हा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा कठोर अर्थ लावला. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे व त्याच्या चौकटीत, सांगाड्यात वा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. मूळ सस्पेन्शन परवडत नाही आणि चौकट कापून नवे बसविले तर ही मान्यता धोक्यात येते, अशा कोंडीत मध्यम उत्पन्नाचा संग्राहक सापडू शकतो. जतनाचा अधिकार केवळ धनिकांचा राहणार काय, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

निष्कर्ष

१. आलिशान मोटारीतील एअर सस्पेन्शनची पीछेहाट तत्त्वाच्या चुकीमुळे झाली नाही. बसच्या बाबतीत असलेली देखभालीची व्यवस्था मोटारीस लाभली नाही, हे तिचे मुख्य कारण होय.

२. सित्रोएनच्या रचनेची दीर्घायुता तिच्या सुट्या व दुरुस्तीयोग्य भागांशी निगडित आहे.

३. पोलादी स्प्रिंगचे बदल आज अस्सलपणाच्या दृष्टीने उणे मानले जातात. तथापि त्यांच्यामुळे कित्येक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. हे बदल म्हणजे त्या वाहनांच्या इतिहासातील एक पुरावाच होय.

४. अल्पखर्ची बदलाचे मूल्यमापन करताना खर्चापेक्षा तो पूर्ववत करता येतो काय, आणि मूळ भाग जपले आहेत काय, या दोन कसोट्या लावणे न्याय्य ठरेल.

वस्तूचा निर्माता इतिहासात राहतो, तिचा पहिला धनी छायाचित्रात राहतो. पण ती वस्तू आजवर टिकली ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या काटकसरीमुळे. त्याने केलेल्या दुरुस्तीची नोंद घेणे हे तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराचे कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.