ग्रॉस यांच्या हातावरचे रक्त: चित्रकार टॉमस एकिन्स

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, त्याच शहरातील पेनसिल्व्हेनिया अकॅडमी या कलासंस्थेने आपल्या संचालकाला राजीनामा द्यावयास लावला होता. विद्यार्थिनींच्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलच्या कमरेचे वस्त्र दूर केले, हे निमित्त. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या शहरात, चित्रकार होऊ पाहणाऱ्या स्त्रीने शरीर कितपत पाहावे हा प्रश्न अजून इतका नाजूक होता. तो संचालक म्हणजे टॉमस एकिन्स.

जन्म १८४४, फिलाडेल्फियाचाच. वडील सुलेखनाचे शिक्षक. पॅरिसमध्ये जेरोम यांच्या हाताखाली शिक्षण, नंतर माद्रिदला वेलास्केथ आणि रिबेरा यांच्या चित्रांचा अभ्यास. १८७० मध्ये तो घरी परतला आणि पुन्हा कधी परदेशी गेला नाही. जेफर्सन मेडिकल कॉलेजात जाऊन त्याने शरीररचना शिकून घेतली होती, शवविच्छेदनेही केली होती.

त्याच कॉलेजचे विख्यात शल्यचिकित्सक सॅम्युएल ग्रॉस यांचे भव्य चित्र त्याने १८७५ मध्ये रंगवले. हे चित्र नीट पाहावे. एका रुग्णाच्या मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया चालू आहे. ग्रॉस क्षणभर थांबून विद्यार्थ्यांकडे वळले आहेत; कपाळावर प्रकाश, हातातील शस्त्रावर आणि बोटांवर ताजे रक्त. अंगात रोजचाच काळा कोट. मागे एका स्त्रीने हातांनी तोंड झाकले आहे. १८७६ च्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात हे चित्र कलादालनासाठी नाकारले गेले आणि लष्करी रुग्णालयाच्या नमुनाकक्षात टांगले गेले. पुढे जेफर्सन कॉलेजसाठी ते २०० डॉलरना विकत घेण्यात आले.

याच्या शेजारी १८८९ चे ‘अ‍ॅग्न्यू क्लिनिक’ ठेवून पाहा. डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी शांतपणे उभी असलेली प्रशिक्षित परिचारिका. चौदा वर्षांत जंतुनाशक शस्त्रक्रिया स्वीकारली गेली होती. वैद्यकाच्या इतिहासाचे इतके बोलके साधन लेखी कागदांतही सहसा मिळत नाही.

राजीनाम्यानंतर एकिन्स मुख्यतः व्यक्तिचित्रे काढत राहिला. पैसे देणारे गिऱ्हाईक थोडेच होते; बहुतेकदा तोच ओळखीच्यांना ‘माझ्यासमोर बसा’ म्हणून गळ घालायचा. प्राध्यापक, गायिका, धर्मगुरू, डॉक्टर. थकलेले डोळे, सैल पडलेली कातडी, विचारात हरवलेली नजर. अनेकांना त्याने त्यांच्या वयापेक्षा म्हातारे रंगवले. काहींनी चित्र घेऊन जाण्याचेही टाळले. वृद्ध कवी वॉल्ट व्हिटमन यांना मात्र आपले चित्र आवडले: माणूस कसा असावा याऐवजी कसा आहे ते पाहणारा चित्रकार, असा त्यांचा अभिप्राय होता.

तरीही त्याला सत्यासाठी छळलेला हुतात्मा करण्याची घाई आपण करू नये. त्याच्या विरोधात त्याचेच काही विद्यार्थी आणि नातेवाईक होते. मॉडेल म्हणून विवस्त्र बसण्याचा आग्रह तो विद्यार्थिनींनाही करी. गुरू आणि शिष्या यांच्यातील सत्तेचे अंतर त्याला दिसत नव्हते, किंवा दिसूनही त्याने पर्वा केली नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा शीण अचूक टिपणाऱ्या माणसाची ही उणीव मला त्याच्या चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

१९१६ मध्ये तो वारला. त्याची पत्नी सुझन, जी स्वतः चांगली चित्रकार होती, तिने त्याची कामे जपली आणि पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात स्मृतिप्रदर्शन भरले.

२००६ मध्ये ग्रॉस यांचे चित्र ६.८ कोटी डॉलरना शहराबाहेर विकण्याचे ठरले, तेव्हा फिलाडेल्फियात खळबळ उडाली. तेवढीच रक्कम उभारून दोन संस्थांनी ते शहरातच ठेवले. त्यांपैकी एक होती पेनसिल्व्हेनिया अकॅडमी, आणि आपला वाटा भरण्यासाठी तिने संग्रहातील एकिन्सचेच ‘चेलोवादक’ हे चित्र विकले.