विसंवादाची साधना : ‘ऑब्स्क्यूरा’ या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास

गाणें गोड असावें ही अपेक्षा इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे कीं, जें गोड नाहीं त्यास संगीत म्हणावें कीं नाहीं, हाच प्रश्न पुष्कळांच्या मनांत प्रथम उभा राहतो. संगीताचा विचार करणाऱ्यांनीं मात्र तो इतक्या सहजासहजीं निकालांत काढलेला नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे चार भेद सांगितले आहेत; म्हणजे जो स्वर शेजाऱ्याशीं भांडतो त्यालाहि शास्त्रानें नांव आणि जागा दिली आहे. युरोपांतील संगीतकारांनीं तर विसाव्या शतकांत अशा भांडखोर स्वरांनाच रचनेच्या मध्यभागीं आणून बसविलें. त्याच जातीचा एक प्रयत्न, सुशिक्षित श्रोता ज्याला बहुधा गोंगाट म्हणून दूर ठेवतो, त्या ‘डेथ मेटल’ नांवाच्या संगीतप्रकारांत झाला. कॅनडांतील क्विबेक प्रांतांतल्या ‘गॉरगट्स’ या वाद्यवृंदानें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेली ‘ऑब्स्क्यूरा’ ही ध्वनिमुद्रिका म्हणजे तो प्रयत्न होय.

हा प्रकार जन्मास आला तो अमेरिकेंत, आणि विशेषेंकरून फ्लॉरिडा संस्थानांत त्याची वाढ झाली. ‘डेथ’ या मंडळीची ‘स्क्रीम ब्लडी गोर’ १९८७ सालीं, तर ‘मॉर्बिड एंजल’ या मंडळीची ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ १९८९ सालीं बाहेर पडली, आणि त्यांच्यामागून अनुकरण करणाऱ्यांची रीघ लागली. गिटारच्या तारा नेहमीपेक्षां खालच्या स्वरांत लावणें, विजेच्या यंत्रानें त्यांचा आवाज फाटेपर्यंत वाढविणें, दोन्ही पायांनीं ड्रमवर अखंड ठोके धरणें आणि शब्द कंठाच्या तळांतून गुरगुरत उच्चारणें, हीं या प्रकाराचीं ठळक लक्षणें होत. काव्याचा विषय बहुधा एकच : मृत्यु आणि देहाची विटंबना. प्रारंभीं या सर्वांत बंडखोरीचा जोम होता. परंतु बंडखोरीचेहि लौकरच संकेत ठरून जातात. चार-पांच वर्षांतच त्याच गती, तेच ताल आणि तीच भीति पुनःपुन्हा ऐकूं येऊं लागली.

गॉरगट्सचा आरंभहि याच वाटेनें झाला. क्विबेकमधील शेरब्रूक या गांवीं १९८९ सालीं ल्यूक लमे या गिटारवादक-गायकाच्या पुढाकारानें हा वृंद उभा राहिला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘कन्सिडर्ड डेड’ १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें मुद्रण फ्लॉरिडांतील टँपा येथील ‘मॉरिसाउंड’ या, या प्रकाराचें माहेरघर समजल्या जाणाऱ्या, ध्वनिमुद्रणगृहांत झालें होतें. १९९३ सालीं ‘द इरोझन ऑफ सॅनिटी’ ही दुसरी आली. तिच्यांत बांधणी अधिक गुंतागुंतीची झाली होती. परंतु त्यानंतर ‘रोडरनर’ या प्रकाशक कंपनीनें त्यांच्याशीं असलेला संबंध तोडला.

येथून पुढचीं पांच वर्षें हाच या इतिहासाचा खरा गाभा आहे. प्रकाशक नाहीं आणि गिऱ्हाईक दिसत नाहीं, अशा स्थितींत बहुतेक मंडळ्या मोडतात, किंवा बाजाराला रुचेल असें सौम्य कांहीं तरी करूं लागतात. लमे यानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. स्टीव्ह हर्डल हा दुसरा गिटारवादक, स्टीव्ह क्लूटिए हा बासवादक आणि स्टीव्ह मॅक्डॉनल्ड हा ड्रमवादक असे तीन सहकारी त्याला या काळांत लाभले. आपल्या हातांना ज्या युक्त्या आपोआप येतात त्याच प्रथम टाकून द्यावयाच्या, असा त्यांनीं निश्चय केला. एकाच स्वरावर झरझर आघात करून वेगाचा भास उत्पन्न करणें ही डेथ मेटलची नित्याची खूण. तीच त्यांनीं वर्ज्य केली. पुण्या-मुंबईच्या गायकाला तान वर्ज्य करून मैफल रंगविण्यास सांगावें, तसेंच हें व्रत होतें.

ही वाट अगदींच अनोळखी होती असें नाहीं. क्विबेकमध्येंच १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘व्हॉयव्हॉड’ या वृंदांतील गिटारवादक देनी दामूर यानें मेटलमध्यें कर्कश, तिरकस स्वरसमूह आणण्यास यापूर्वींच प्रारंभ केला होता. दुसरीकडे लमे याचें लक्ष युरोपीय अभिजात संगीताकडे लागलें होतें. त्यानें व्हायोला या तंतुवाद्याचा व संगीतरचनेचा रीतसर अभ्यास केला. शोस्ताकोविच आणि पोलंडचा पेंदेरेत्स्की या रचनाकारांचें ऋण तो मोकळेपणानें मान्य करतो. हिरोशिमाच्या बळींचें स्मरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेंदेरेत्स्कीच्या रचनेंत ५२ तंतुवाद्यें आहेत, आणि त्यांच्याकडून घोडीच्या पलीकडे गज ओढण्यासारखीं विलक्षण कामें करून घेतलीं आहेत. वाद्यांतून केवळ स्वर निघत नाहींत, खरखर, ओरखडा आणि किंकाळी हींहि त्यांतून निघतात व तींहि मांडणींत बसवितां येतात, हा धडा लमे व हर्डल यांनीं आपापल्या गिटारवर गिरविला.

‘ऑब्स्क्यूरा’चा ध्वनि असा विलक्षण कां लागतो, याचें कारण थोडेंसें भौतिकशास्त्रांत आहे. ११० कंपनांचा एक स्वर व त्याच्या लगतचा सुमारे ११६.५ कंपनांचा दुसरा स्वर एकाच वेळीं वाजविले, तर त्या दोहोंच्या झटापटींतून सेकंदाला सुमारे साडेसहा वेळां आवाज फुगतो आणि ओसरतो. साध्या वाद्यावर ही थरथर सौम्य असते. परंतु विजेनें फाडलेल्या गिटारच्या आवाजांत मूळ स्वरांबरोबर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निर्माण होतात, आणि ती थरथर उग्र होते. म्हणूनच सामान्य रॉक-संगीतांत अशा गिटारवर बहुधा षड्ज-पंचमाचीच जोडी वाजवितात. तिचें प्रमाण २:३ असें सरळ असल्यामुळें ती फाटलेल्या आवाजांतहि स्वच्छ राहते. गॉरगट्सनीं हा सुरक्षित किनारा सोडला. लगतचे स्वर एकमेकांवर घांसावयाचे, आणि त्या घर्षणांतून उठणारी थरथर हाच रचनेचा मालमसाला समजावयाचा, असें त्यांनीं केलें.

ध्वनिमुद्रिकेंत १२ गीतें असून ती सुमारे एक तासाची आहे. तिची हवा कोंदट व कोरडी आहे. आवाजावर गोडवा आणणारा कोणताहि मुलामा चढविलेला नाहीं. तारांवरून कांहीं तरी ओढल्याचे, खरवडल्याचे, मध्येंच शिट्टीसारखे उंच उठणारे आवाज येतात. दोन गिटार एकमेकींस साथ देत नाहींत; त्या वाद घालतात. बास त्यांच्याखालीं लपून न राहतां मधूनमधून स्वतंत्र बोलतो. ताल सम गांठतो असें वाटतें तोंच तो एक पाऊल पुढें किंवा मागें सरकतो. लमे व हर्डल हे दोघेहि गातात, आणि लमे याच्या आवाजांत गुरगुरण्यापेक्षां घसा फाडून केलेला आक्रोश अधिक आहे. ‘अर्थली लव्ह’ या गीतांत लमे यानें स्वतः व्हायोला वाजविला आहे. परंतु त्यानेंहि विसांवा मिळत नाहीं, अस्वस्थतेचा रंग तेवढा बदलतो.

या सर्वांत ‘क्लाउडेड’ हें गीत विशेष ऐकण्यासारखें आहे. साडेनऊ मिनिटांचें हें गीत अतिशय संथ आहे. एकेक स्वरसमूह जड दगडासारखा खालीं ठेवला जातो आणि त्याची थरथर विरूं लागल्यावर पुढचा येतो. इतरत्र वेगाच्या धुळींत जें दिसत नाहीं तें येथें स्पष्ट दिसतें : प्रत्येक बेसूर वाटणारी जागा नेमकी योजलेली आहे आणि ती पुन्हा आली म्हणजे तशीच येते. गोंधळाची पुनरावृत्ति इतकी काटेकोर करतां येत नाहीं.

विषयहि बदलले होते. प्रेतांचीं वर्णनें जाऊन जीव, देह आणि देहापलीकडील अवस्था यांचें चिंतन आलें. एका गीताचें नांव ‘सटल बॉडी’, म्हणजे सूक्ष्म शरीर, असें आहे. ही कल्पना भारतीय श्रोत्यास नवीन वाटणार नाहीं. दुसऱ्या एकाचें नांव फ्रेंच असून ‘जीवन ही प्रस्तावना आहे’ अशा अर्थानें त्याचा आरंभ होतो.

मुद्रणाचे वेळीं मॅक्डॉनल्ड वृंदांत नव्हता. ड्रम पॅट्रिक रॉबर्ट यानें वाजविले. ‘ऑलिम्पिक’ या कंपनीनें १९९८ सालीं ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हां जुन्या चाहत्यांपैकीं अनेकांना ती नुसता गोंधळ वाटली. तिचा परिणाम सावकाश झाला. न्यूझीलंडमधील ‘अल्सरेट’, इटलींतील ‘अ‍ॅड नॉझिअम’ अशा दूरदूरच्या मंडळ्यांच्या संगीतांत तिच्या व्याकरणाच्या खुणा दिसतात, आणि विसंवादी डेथ मेटल ही आज एक स्वतंत्र शाखाच मानली जाते.

ती घडविणाऱ्यांच्या वांट्यास मात्र सुख फारसें आलें नाहीं. २००१ सालच्या ‘फ्रॉम विज्डम टु हेट’ या पुढील ध्वनिमुद्रिकेकरितां मॅक्डॉनल्ड परत आला, परंतु २००२ सालीं तो मरण पावला. २००५ सालीं वृंद मोडला. हर्डल २०१२ सालीं वारला. लमे यानें नव्या साथीदारांसह २०१३ सालीं ‘कलर्ड सँड्स’ ही तिबेटविषयींची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यांतील चामदोच्या लढाईवरची रचना केवळ तंतुवाद्यांसाठीं आहे. २०१६ सालीं बगदादच्या प्राचीन ज्ञानमंदिरावर त्यानें ३३ मिनिटांची एक अखंड रचना केली. ‘ऑब्स्क्यूरा’च्या पांच वर्षांत कमावलेली भाषा आतां इतिहासाचें दुःख सांगण्यास समर्थ झाली होती.

या संगीतावर सर्वांनीं प्रेम करावें असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. परंतु कर्कश तें सर्व बेशिस्त, ही समजूत मात्र या एका तासापुढें टिकत नाहीं. ज्या श्रोत्याला तिची परीक्षा घ्यावयाची असेल त्यानें आरंभ वेगवान गीतांपासून न करतां ‘क्लाउडेड’पासून करावा, आणि तें एकदां नव्हे, दोनदां ऐकावें. पहिल्या खेपेस जें कानाला टोंचलें, तें दुसऱ्या खेपेस कान स्वतः शोधूं लागतो. आणि विवादी स्वराला शास्त्रांत जागा कां दिली असावी, हें तेथें थोडेंसें उमगूं लागतें.