ओट्यावरचे तिसरे भोक

वाचकहो, इतिहास शिकविणाऱ्या माणसाने विजेच्या सॉकेटांविषयी लिहावे हे आपल्याला काहीसे चमत्कारिक वाटेल. सनावळ्या, तह आणि लढाया सांगावयाच्या सोडून हा प्लग आणि खटके घेऊन कुठे बसला, असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराचे काम निघाले. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधली भिंत गेली आणि तिच्या जागी मधला ओटा आला. हल्ली त्याला ‘आयलंड’ म्हणतात. एके दिवशी सकाळी वायरमनने मला कॉलेजला जाता जाता अडविले. म्हणाला, “सर, मधल्या ओट्याला पॉइंट कुठे आणि किती, ते आजच सांगा. उद्या फरशीखालून पाइप टाकला की मग बदल होणार नाही.”

मी म्हणालो, “टाका एक-दोन कुठेतरी.”

आतून आई म्हणाली, “कुठेतरी नाही. आधी त्याला विचार, तिसरी तार कुठे जोडणार?”

आईच्या या प्रश्नामागे एक जुनी हकीकत आहे, ती पुढे येईलच. पण त्या प्रश्नाने मी चमकलो, आणि ज्या वस्तूकडे आयुष्यभर नुसती पिन खुपसायची जागा म्हणून पाहिले होते, तिचा इतिहास चाळू लागलो.

आरंभी घरात सॉकेट नव्हतेच. वीज आली ती दिव्यासाठी. मुंबईत १९०५ साली विजेची आणि ट्रामची कंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज शहरात आली. इंग्लंडात आणि अमेरिकेत याच्या थोडे आधी हाच क्रम झाला होता. छताला दिवा, भिंतीवर खटका, संपले. पुढे इस्त्री आली, पंखा आला, पाणी तापविण्याचे भांडे आले. त्यांना वीज द्यायची कुठून? तर दिवा काढायचा आणि त्याच होल्डरमध्ये इस्त्रीची तार अडकवायची. अमेरिकेत हार्वे हबेल या गृहस्थाला १९०४ साली पेटंट मिळाले ते नेमके याच अडचणीवर काढलेल्या तोडग्याचे. होल्डरमध्ये एक भाग कायमचा बसवावयाचा आणि त्यात प्लग घालावयाचा किंवा काढावयाचा. आपल्याकडेही दिव्याच्या होल्डरवरून इस्त्री चालविणारी घरे पुष्कळ होती. आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांना, छतावरून खाली आलेली ती तार आणि तिच्याखाली धोतराची घडी घालणारे आजोबा, हे दृश्य आठवत असेल.

या व्यवस्थेत एक गोष्ट मुळातच नव्हती. दिव्याच्या होल्डरला टोके दोन. वीज येण्याची एक, जाण्याची एक. दिवा उंच टांगलेला, त्याला कोणी हात लावीत नाही, म्हणून तिसऱ्या टोकाची गरज कोणाला भासली नाही. पण इस्त्री, शेगडी, किटली ही धातूची भांडी. आत तार सैल झाली आणि पत्र्याला टेकली तर सबंध भांड्यात वीज उतरते, आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. तिला जमिनीत उतरायला माणसापेक्षा सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे तिसरी तार, आपण जिला ‘अर्थिंग’ म्हणतो ती. तीन पिनांचे प्लग लंडनमध्ये १९११ च्या सुमारास विक्रीला आले होते. पण ते सक्तीचे नव्हते आणि दोन पिनांचे स्वस्त पडत.

शिवाय प्रत्येक कारखानदाराच्या पिना वेगळ्या. शेवटी १९३४ साली इंग्लंडात ‘बी. एस. ५४६’ नावाचे मानक निघाले. गोल पिनांचे, दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअरचे. वाचकहो, आपल्या घरातले लहान आणि मोठे सॉकेट आहे ना, ते थेट या १९३४ च्या कागदाचे वंशज. त्याची रचना नीट पाहिली तर तिच्यातला विचार मनाला भावतो. वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब. लांब अशासाठी की प्लग आत जाताना जमिनीची वाट आधी जुळावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. जाड अशासाठी की चुकूनही ती विजेच्या भोकात शिरू नये.

एका सॉकेटाऐवजी लहान-मोठी अशी दोन मापे का, याला केवळ अभियांत्रिकी कारणीभूत नाही. शेगडीला वीज जास्त लागते म्हणून तिची पिन जाड, हे खरेच. पण त्या काळी दिव्याच्या विजेचा दर चढा आणि शेगडीच्या विजेचा उतरता असे. आपल्याकडेही जुन्या इमारतींत ‘लाइट’ आणि ‘पॉवर’ अशी दोन मीटरे आणि दोन वेगळ्या तारा असत. मोठ्या सॉकेटाला आपण आजही ‘पॉवर पॉइंट’ म्हणतो, तो शब्द त्या दुसऱ्या मीटरचा अवशेष आहे. दर केव्हाच बदलले, नाव राहिले. इतिहासाच्या माणसाला असे अवशेष सापडले की नाण्यांचा हंडा सापडल्यासारखे वाटते.

आता आईची हकीकत. १९८६ साल. गॅसचा दुसरा सिलिंडर मिळायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून वडिलांनी विजेची कॉइलची शेगडी आणली होती. ओटा कडप्प्याचा, खाली शहाबादी फरशी, आणि ती नळाच्या पाण्याने नेहमी ओली. भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट होते. दिसायला अगदी व्यवस्थित! आईने ओल्या हाताने शेगडीवरचे पातेले सरकविले आणि तिचा हात तिथेच चिकटला. ओरडताही येईना. शेजारच्या काकांनी धावत येऊन मेन स्विच पाडला म्हणून ती वाचली. दोन बोटे भाजली ती कायमची थोडी वाकडी राहिली. नंतर बोर्ड उघडला तेव्हा कळले की तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हते. बसविणाऱ्याने तार वाचविली होती. वडील त्या माणसाला शोधीत फिरले, तो काही सापडला नाही. तेव्हापासून आई पायाखाली लाकडी पाट घेतल्याशिवाय कोणतेही बटण दाबीत नाही.

हात चिकटतो कसा, याचे उत्तर मला पुढे कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांच्या कामात मिळाले. त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले की विजेच्या किती प्रवाहापर्यंत माणूस मूठ उघडून सुटू शकतो. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहाच्या आसपास. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग! आपला फ्यूज पाच-पंधरा अँपिअरला वितळतो. म्हणजे फ्यूज तार वाचवितो, घर वाचवितो. माणसाला वाचविणे त्याच्या हिशेबातच नाही. याच डॅल्झिएलांनी १९६१ साली एक साधन सिद्ध केले. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची ते सतत तुलना करते, आणि चिमूटभर तफावत दिसली की निमिषात पुरवठा तोडते. आपल्याकडे तीस मिलिअँपिअरचा जो ‘आर.सी.सी.बी.’ मिळतो, तो याच तत्त्वावर चालतो. तीस हा आकडा हात सुटण्याच्या मर्यादेहून मोठाच आहे, परंतु तो इतक्या झटपट तोडतो की हृदयाला धोका होण्याआधी काम होते. आमच्या त्या घरात १९८६ साली तो नव्हता. असता तर आईची बोटे सरळ राहिली असती.

एक गंमत पाहा. ज्या इंग्लंडाने गोल पिना दिल्या, त्यानेच त्या तेरा वर्षांत टाकल्या. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, युद्धानंतरच्या घरांत वीज कशी असावी हे ठरविण्यासाठी वीस जणांची समिती बसली. त्यात स्त्री एकच, कॅरोलाइन हॅस्लेट. या बाईंनी १९२४ साली स्त्रियांसाठी विजेविषयीची एक संस्था काढली होती. स्वयंपाकघरात प्रत्यक्ष वावरणाऱ्या बाईला काय लागते, हे त्या समितीत सर्वांत जास्त त्यांना ठाऊक असणार. १९४४ च्या अहवालात सबंध घराला एकच मापाचे सॉकेट सुचविले गेले, आणि लहान मुलांच्या बोटांसाठी सॉकेटाच्या भोकांना आतून झडपा असाव्यात असा आग्रह धरला गेला. या आग्रहात हॅस्लेटबाईंचा वाटा मोठा मानतात. तांब्याचा तुटवडा होता, म्हणून तारांचे एकच कडे घरभर फिरविण्याची युक्ती निघाली आणि प्रत्येक प्लगात स्वतंत्र फ्यूज आला. त्यातून १९४७ साली चौकोनी पिनांचा तेरा अँपिअरचा प्लग जन्मला.

१९४७! त्या वर्षी आपण इंग्रजांना निरोप दिला, आणि त्यांनी गोल पिनांना. आपल्याकडे तोवर भिंतीभिंतींतून गोल भोके पडलेली होती, ती बुजवून चौकोनी करण्याची चैन नव्या देशाला परवडण्यासारखी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतही तेच झाले. पुढे आपल्या मानकाने पाचाचे सहा आणि पंधराचे सोळा अँपिअर केले, एवढाच फरक. मला याची खंत वाटत नाही. पिन गोल असो की चौकोनी, तिच्यामागे तार असली म्हणजे झाले.

ओट्यावर वीज खऱ्या अर्थाने चढली ती मिक्सरबरोबर. १९६० च्या दशकात मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपल्या वाटण-दळणापुढे जळाला, आणि माथुरांनी भारतीय स्वयंपाकाला पुरेल असा दणकट ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. पाटा-वरवंटा जमिनीवर होता, मिक्सर ओट्यावर आला. आणि ओट्याच्या भिंतीला सॉकेट हवे झाले. आज तिथे मिक्सर, किटली, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह अशी रांग असते. हिशेब साधा आहे. २३० व्होल्टना सहा अँपिअरचे सॉकेट तेराशेऐंशी वॅट सोसते. साडेसातशे वॅटचा मिक्सर त्यावर खुशाल चालवा. पंधराशे वॅटची किटली आणि दोन हजारांची इंडक्शन शेगडी यांना सोळाचेच हवे. मोठा प्लग लहान सॉकेटात बसविण्याचा जो ठोकळा बाजारात मिळतो, तो ओट्याच्या आसपास फिरकू देऊ नका.

पण मधल्या ओट्याला भिंतच नाही, तिथे सॉकेट कुठे? याचा अनुभव अमेरिकेने आपल्या आधी घेतला आहे. तिथे स्वयंपाकघरातल्या उपकरणांच्या तारा साधारण दोन फुटी असतात, म्हणून ओट्याच्या भिंतीवर कुठूनही दोन फुटांत सॉकेट हवे असा नियम. मधल्या ओट्यालाही सॉकेट हवेच असे कित्येक वर्षे बंधन होते, नाही तर लोक भिंतीपासून वाट ओलांडून तार ओढतात. वरती दगड, मग सॉकेट बसवीत ते ओट्याच्या बाजूला, खाली. तिथून तार काठावरून वर जाई. रांगणारे, नुकते चालू लागलेले मूल ती लोंबती तार ओढी, आणि वरचे उकळत्या तेलाचे किंवा पाण्याचे भांडे त्याच्या अंगावर येई. अशा भाजण्याच्या घटना साचत गेल्या, आणि शेवटी तिथल्या विद्युत संहितेच्या २०२३ च्या आवृत्तीने मधल्या ओट्याच्या कडेखालची सॉकेटे बंद केली. सॉकेट असेल तर वरच्या पातळीवर. नसेल तर नसो, पण पुढे बसविता येईल अशी सोय करून ठेवावी.

हे वाचल्यावर मी वायरमनला एक दिवस थांबविले आणि हॅस्लेटबाईंच्या समितीच्या उलट समिती बसविली: आई, पत्नी आणि एक पुरुष, तोही फक्त लिहून घेण्यापुरता. मिक्सर कुठे उभा राहणार, पोळ्या कुठे लाटणार, पाणी कुठे सांडणार, हे त्या दोघी ओट्याशी उभ्या राहून हातवारे करून सांगत होत्या. मी आखलेल्या नकाशात सॉकेट नेमके सिंकशेजारी आले होते. पत्नीने ते खोडले. सिंकच्या काठापासून निदान एक फूट दूर, असे इंग्लंडातले तज्ज्ञही सांगतात. तिने दोन फूट सांगितले. भिंतीकडच्या ओट्यावर सोळाची चार, झडपांची, ओट्यापासून वीतभर उंच, आणि प्रत्येकाला खटका. मधल्या ओट्यावर दगडातून वर येणारे झाकणाचे एकच, पाण्यापासून दूरच्या टोकाला. बाजूला, खाली, एकही नाही. बहिणीचा नातू पावणेदोन वर्षांचा आहे. आणि या सगळ्यावर तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., ज्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावयाचे. ते काम आईने स्वतःकडे घेतले.

काम संपले त्या दिवशी वायरमन पाट्या बसवू लागला तेव्हा आईने त्याला थांबविले. चष्मा लावून तिने प्रत्येक सॉकेटामागची हिरवी तार पाहिली, एक तर बोटाने ओढूनही पाहिली. पाचही वेळा. तो बिचारा पेचकस हातात धरून उभा होता. मग ती म्हणाली, “आता लाव.”

पाट मात्र तिने अजून काढलेला नाही. तो ओट्याखाली उभा करून ठेवला आहे.