छिन्नी की धूळ?

यमाईच्या डोंगराच्या दगडी पायऱ्या आपण चढतो, पण त्या घडविणाऱ्या पाथरवटांच्या दुखण्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो परदेशात शोधावा लागतो.

कातडी लाकडासारखी ताठरविणारा, पुढे फुप्फुसे व मूत्रपिंडेही ग्रासणारा रोग म्हणजे स्क्लेरोडर्मा. 1914 साली एडिंबरोच्या डॉ. बायरम ब्रॅमवेल यांनी त्याचे नऊ रोगी नोंदले. पाच पाथरवट निघाले. डॉक्टरने धंदा विचारला, हेच मोठे! दोष मात्र त्यांनी हातातल्या गार छिन्नीला दिला. 1957 साली इरॅस्मस यांना दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत तोच रोग दिसला, आणि संशय सिलिकाच्या धुळीवर गेला. तो संबंध आता मान्य आहे.

आमच्या संघटनेत फाउंड्रीची वाळू चाळणारे पुष्कळ. त्यांच्या केसपेपरावर धंदा लिहिलेला असतो : ‘मजूर’.