हौशी रेडिओ : आपत्काळातील संपर्काची पर्यायी वाट

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकापासून मुंबईचे हवाई अंतर सुमारे 1,200 किलोमीटर आहे. मोबाइल मनोरे, इंटरनेट आणि दूरध्वनी यांपैकी काहीही चालू नसताना, बॅटरीवरचा एक संच आणि सुमारे 20 मीटर लांबीची तार यांच्या साहाय्याने एवढ्या अंतरावर संवाद साधता येतो. परवानाधारक नागरिकांनी विनामोबदला जोपासलेल्या या विद्येला हौशी रेडिओ अथवा ‘हॅम रेडिओ’ म्हणतात.

लघुलहरींचा प्रवास आयनांबरावर अवलंबून असतो. वातावरणाच्या वरच्या भागातील हे विद्युतभारित थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतात. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिवसा साधारणतः काही शे किलोमीटरपर्यंत संपर्क होतो. सूर्यास्तानंतर लहरी शोषणारा खालचा थर विरळ झाला की हा पल्ला हजार किलोमीटरच्या पुढे जातो. या पट्ट्याची तरंगलांबी सुमारे 40 मीटर असल्याने तिच्या निम्म्या लांबीची तार अँटेना म्हणून पुरते. दिवसा लांबचा संपर्क साधण्यासाठी 14 मेगाहर्ट्झ अधिक सोयीचे ठरते. शहरांतर्गत संभाषणासाठी 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. चारबागसारख्या ठिकाणी रेल्वे आणि मेट्रो दोन्ही 25 हजार व्होल्टच्या विद्युत तारांवर धावतात. तारांवरील ठिणग्यांमुळे लघुलहरींच्या संचात खरखर वाढते; म्हणून लघुलहरींची अँटेना अशा मार्गांपासून शक्य तितकी दूर उभारावी लागते.

भारतात 1921 मध्ये केंद्र चालविणारे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले हौशी रेडिओचालक मानले जातात. 1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. ज्याच्या हाती प्रक्षेपक, त्याच्या हाती संदेश, हे सरकार ओळखून होते.

ही भीती तीन वर्षांत मुंबईत खरी ठरली. 1942 च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपकाची जुळणी केली. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन लाभले. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. अखेर 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी छापा घालून ते बंद पाडले. हे हौशी केंद्र नव्हते. मात्र त्याची 42.34 मीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ, आणि ही कंप्रता आजच्या हौशी पट्ट्यातच येते.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये महू येथे अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. आज केंद्रीय दूरसंचार विभाग परीक्षेनंतर परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारे बोधचिन्ह देतो. संगीताचे प्रक्षेपण, व्यापारी संदेश आणि सांकेतिक गुप्त भाषा यांना मनाई आहे. दूरच्या केंद्राशी संपर्क झाल्यावर ‘क्यूएसएल’ कार्ड पाठवण्याचा आणि निरोप घेताना ‘73’ म्हणजे शुभेच्छा देण्याचा प्रघात जगभर पाळला जातो.

या छंदाची खरी कसोटी आपत्तीत लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर भागात हौशी चालकांनी संपर्कसेवा दिली. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा दूरदेशीच्या संपर्कांसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले हौशी पथक तेथेच होते. दूरध्वनी कोलमडलेले असताना त्याने अंदमानातील वार्ता मुख्य भूमीपर्यंत पोहोचवली.

दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. संच विकत घेता येतो, तार झाडालाही बांधता येते. परंतु कोणत्या वेळी कोणती कंप्रता निवडावी, क्षीण संकेत कसा ऐकावा आणि जखमींची यादी चूक न करता कशी सांगावी, हे आपत्तीच्या दिवशी शिकता येत नाही. त्यासाठी परवाना आणि सराव दोन्ही आधीपासून असावे लागतात. निवांत काळात केलेल्या रोजच्या गप्पा म्हणजे त्या दिवसाची तालीमच होय.