परम ८०००

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये सादर केलेला समांतर महासंगणक. ‘पॅरलल मशीन’ या शब्दांवरून ‘परम’ हे नाव बनले. त्याचा संस्कृत अर्थही आयताच जुळला.

१९८०च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. निर्यातनिर्बंधांमुळे हवे ते यंत्र मिळाले नाही. हवामान अंदाजासाठी कमी क्षमतेचे एक यंत्र तेवढे दिल्लीत आले. म्हणून स्वतःचा महासंगणक बनवण्यासाठी १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. मुदत तीन वर्षांची आणि संचालक अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर.

क्रेची ताकद खास घडवलेल्या, महागड्या, मोजक्या प्रोसेसरांत होती. तसा प्रोसेसर बनवण्याच्या फंदात पुणेकर पडले नाहीत. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर बाजारात मिळत होते. या एकाच चिपवर प्रोसेसर, अपूर्णांकी गणिताचा स्वतंत्र विभाग, ४ किलोबाइट मेमरी आणि शेजारच्या चिपांशी थेट बोलणाऱ्या चार जोडण्या असत. असे ६४ ट्रान्सप्युटर एकत्र गुंफले गेले. प्रत्येकाची मेमरी वेगळी, त्यामुळे दुसऱ्याकडची माहिती हवी असल्यास निरोप धाडूनच मागवायची. जोडण्यांची रचना कामानुसार बदलता येई.

खरी कसोटी कामाच्या वाटणीची. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कामाचा अवघा ५ टक्के भाग वाटता येत नसेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही वेग सुमारे १५ पटच वाढतो; प्रोसेसर कितीही वाढवले तरी २० पटीपुढे जात नाही. हवामानाचे गणित नकाशाचे चौकोन पाडून वाटता येते, सगळीच गणिते तशी नसतात. म्हणून ‘पारस’ ही प्रोग्रॅम लिहिण्याची प्रणाली सी-डॅकला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटली, आणि ते योग्यच होते.

परमला सरसकट ‘संपूर्ण स्वदेशी’ म्हणतात, ते अचूक नाही. चिपा विलायती होत्या. रचना आणि सॉफ्टवेअर इथले.

ट्रान्सप्युटर लवकरच मागे पडला, पण बाजारातले प्रोसेसर एकत्र गुंफण्याची परमची पद्धत टिकली. १९९८ च्या परम १०००० मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क, तर पुढच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रोसेसर होते. जून २००३ मध्ये परम पद्म जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ वा होता.